देवरावभाऊ आणि लाकडी गाडी

कौसल्याबाईंचा फोन सकाळी सातच्या सुमारास आला. त्या फोनवर कधीच जास्त बोलत नाहीत, त्या दिवशीही बोलल्या नाहीत. "बाई, हे गेले. पहाटे. तुमी निघू नोका, रस्त्यावर पानी आहे म्हणते." मी काही विचारायच्या आत फोन ठेवला गेला होता. ब्रह्मपुरीहून वडसा काही लांब नाही, पण मध्ये वैनगंगा आहे, आणि आषाढात ती फुगली की रस्ता बंद होतो. दोन दिवस पाणी उतरलं नाही. देवरावभाऊंना शेवटचं पाहणं माझ्या नशिबात नव्हतं. त्या दोन दिवसांत मी घरात येरझारा घालत राहिले, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात येत राहिली... पाणी नसतं, तरी कौसल्याबाईंनी मला "येऊ नका" असंच सांगितलं असतं का?

आता याला सहा आठवडे होऊन गेले. देवरावभाऊंना वडसा-देसाईगंजच्या बाजूचे लोक ओळखतात ते रंगमंचाचे सुतार म्हणून. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत गावोगावी नाटकं होतात, त्यांचे मंच, जिने, महालाचे दरवाजे, तुरुंगाचे गज, सगळं त्यांच्या हातचं. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. पण मी त्यांना ओळखते ती एका गाडीमुळे. त्या गाडीच्या गोष्टीत माझाही वाटा आहे आणि तो फारसा चांगला नाही. तो वगळून लिहिलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही.

गाडी माझ्या वडिलांची. बाबा डॉक्टर होते आणि उमेदीची वर्षं त्यांनी अहेरीकडच्या जंगलातल्या गावांत काढली. कोळसा खाणीवरचा एक परदेशी मॅनेजर देश सोडून जाताना आपली गाडी विकत होता, ती बाबांनी घेतली. लांबलचक स्टेशन वॅगन. पुढचं तोंड पत्र्याचं, आणि ड्रायव्हरच्या दारापासून मागे सगळं लाकूड... दारं लाकडाची, खिडक्यांच्या चौकटी लाकडाच्या, उजळ रंगाच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये गडद फळ्या. मागचं दार दोन भागांत उघडायचं, एक वर आणि एक खाली. खालच्या भागावर बाबा औषधांची पेटी मांडून बसत. कधी पेशंट आडवा घालून न्यावा लागे. गावोगावी तिला "डॉक्टरची लाकडी गाडी" म्हणत. बाबा थकले, आम्ही ब्रह्मपुरीला राहायला आलो, आणि गाडी अंगणातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. शेवटच्या वर्षांत बाबांना माणसं आठवत नसत, पण गाडी आठवे. "बाहेर काढली का?" असं रोज विचारायचे. मी रोज "हो" म्हणायची. ते गेल्यावरही मी ताडपत्री उचलली नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर एका सकाळी उचलली, तर उजव्या बाजूचं मागचं दार माझ्या हातातच आलं. आतून वाळवीने सगळं खाल्लं होतं, वर फक्त पॉलिशचा पापुद्रा उरला होता.

चार सुतारांनी नाही म्हटल्यावर कुणीतरी देवरावभाऊंचं नाव सांगितलं. होळी होऊन नाटकांचा हंगाम नुकताच संपला होता. ते बसने आले. उंच, अंगाने वाळलेले, कानावर पेन्सिल. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, मग जमिनीवर पाठ टेकून खाली सरकले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आले तेव्हा खोकत होते. मला वाटलं धुळीने असेल.

"होईल जी," ते म्हणाले. "पन टाइम लागल. अन घाई करू नोका."

"तुमचा हंगाम सुरू व्हायच्या आत होईल?"

त्यांनी हातावरची धूळ झटकली. मग म्हणाले, "बाई, मी चाळीस वर्सं असंच बनवून राह्यलो का जे सकाळी खोलाव लागते. रातभर राजा उभा राह्यते त्याच्यावर, अन सकाळी आमी स्क्रू काढून ट्रॅक्टरमंदी भरतो. एक तरी चीज अशी पायजे का नाई, जे कोनी खोलनार नाई?"

लाकडाचा प्रश्न त्यांनीच सोडवला. नवं लाकूड चालणार नाही, ते ऋतूप्रमाणे हलतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतःच्या जुन्या, मोडीत निघालेल्या मंचांचे सागाचे पाय आणले. वीस-पंचवीस वर्षं ऊन-पाऊस खाऊन ते लाकूड मुरलं होतं. मागच्या चाकावरची कमान त्यांनी बैलगाडीच्या चाकासारखी केली... एक मोठं वाकडं लाकूड शोधण्यापेक्षा पाच लहान वाकडे तुकडे एकमेकांत अडकवून. जुन्या दाराचा प्रत्येक सडका तुकडा ते वाळूत मांडून ठेवत, त्यावरून नवा कापत. आठवड्यातले पाच दिवस ते सकाळच्या बसने यायचे आणि संध्याकाळच्या बसने वडशाला परत जायचे. इंजिनाचं काम गावातले एक मिस्त्री त्यांच्या गॅरेजमध्ये वेगळं करत होते. शेडमध्ये देवरावभाऊ एकटेच. त्यांच्या रंध्याचा आवाज मला स्वयंपाकघरात दिवसभर ऐकू यायचा. इतक्या वर्षांनी घरात कुणीतरी काम करतंय, असं वाटायचं.

खोकला मात्र वाढत होता. आषाढ संपता संपता एक दिवस त्यांनी शेडमधून हाक मारली, "बाई, त्या पाकिटावरचं माप वाचून सांगा जी, माझा चष्मा कुठी गेला कोन जाने." एक्स-रेचं मोठं पिवळं पाकीट होतं. त्याच्या मागच्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने दारांची मापं लिहून ठेवली होती. मी मापं वाचून दाखवली. मग पाकीट उलटं केलं, आणि आतला डॉक्टरांचा कागदही वाचला. वाचायला नको होता. फुप्फुसं भुशाने खराब झाली आहेत, लाकडाचं काम ताबडतोब बंद, असं स्पष्ट लिहिलं होतं. तारीख होळीच्या आधीची. म्हणजे माझ्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांना माहीत होतं.

मी शेडच्या दारात कागद घेऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली आणि त्यांना समजलं.

"कौसल्याले सांगू नोका, बाई."

"त्यांना माहीत नाही?"

"खोकल्याची दवा आहे म्हनून सांगतलं. तिले समजलं तर ती मले दाराबाहेर पाऊल टाकू देनार नाई." त्यांनी रंधा खाली ठेवला नाही. "दोन दारं अन मागची बाजू राह्यली. तेवढी होऊ द्या. मंग मी सोताच सांगीन."

त्या वेळी मी काय करायला हवं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी शाळेत पस्तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं. पण शेडमध्ये माझ्यासमोर अर्धी गाडी उभी होती. डावी बाजू पूर्ण झाली होती आणि दुपारच्या उन्हात ती अशी दिसत होती की बाबा आत्ता दार उघडून उतरतील. मी त्यांना एक मास्क आणून दिला, बारीक कापडाचे दोन रुमाल दिले, आणि गप्प बसले. मास्क ते गळ्यात अडकवून ठेवायचे. मी तेही पाहिलं आणि काही बोलले नाही.

श्रावणात कौसल्याबाईंचा पहिल्यांदा फोन आला. आमची भेट झालेली नव्हती. "बाई, मी देवरावची घरवाली. यायचा खोकला काई कमी होऊन नाई राह्यला. तिथी भुसा उडते का जी?"

मी म्हणाले, "नाही हो. आता पॉलिशचंच काम राहिलंय."

हे बोलत असताना माझ्या कानावर शेडमधला रंधा पडत होता. फोन मी दुसऱ्या कानाला लावला.

दिवाळी झाली. नाटकांचा हंगाम सुरू झाला आणि त्या वर्षी देवरावभाऊ पहिल्यांदाच कुठल्या मंचावर गेले नाहीत. कार्तिकातल्या एका दुपारी मी भाजी निवडत होते आणि रंध्याचा आवाज थांबला. थांबायचाच, ते अधूनमधून दम घ्यायचे. पण मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी धावले. देवरावभाऊ मागच्या चाकाशी गुडघ्यांवर होते, एक हात दाराच्या चौकटीला धरलेला. ओठ जांभळे पडले होते. श्वास आत जायचा, पण पुरा जात नव्हता. ते माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत तक्रार नव्हती, आणि तेच मला सहन होत नव्हतं. शेजारच्यांची ऑटो दारात होती, तिच्यात त्यांना बसवलं. रस्त्याने त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. काहीतरी सांगत होते. मी कान जवळ नेला. "सरस... लावला आहे... शिकंजा कसा, बाई... वाळून जाईल..." सरस लावलेला सांधा, सरस सुकायच्या आत, शिकंज्यात आवळायचा राहिला होता. त्याची काळजी.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. तासाभराने ओठांचा रंग परत आला. तरुण डॉक्टर माझ्याजवळ आले. त्यांना वाटलं मी घरची. म्हणाले, "हा चाळीस वर्षांचा भुसा आहे. तो काही आपण काढू शकत नाही. पण हे शेवटचे सहा-सात महिने नसते, तर बरं झालं असतं."

कौसल्याबाई पाचच्या बसने पोचल्या. ठेंगण्या, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. त्या आधी आत जाऊन नवऱ्याला पाहून आल्या, डॉक्टरांशी बोलल्या, आणि मग बाहेर माझ्या समोरच्या बाकावर येऊन बसल्या. बराच वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मग एकच विचारलं.

"बाई, तुमाले मालूम होतं?"

"हो," मी म्हणाले. "आषाढापासून."

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. उठल्या, पिशवीतली चादर काढली आणि आत गेल्या.

पुढचे तीन आठवडे माझ्याकडे कुणी आलं नाही. मी दोनदा फोन केला, तो उचलला गेला नाही. शेडला मी कुलूप लावलं. गाडी मोडीत द्यावी, असं ठरवलंही होतं. आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी फाटक वाजलं. बाहेर दोघं उभी होती. देवरावभाऊंच्या अंगात स्वेटर, हातात काठी. कौसल्याबाई पुढे.

"कुठी आहे ती गाडी? पाहू द्या."

मी कुलूप काढलं. त्यांनी पदर नाकावर घेतला आणि गाडीभोवती हळूहळू फिरल्या. तयार झालेल्या बाजूवरून हात फिरवला. दुसऱ्या बाजूला आल्या तेव्हा सुटलेल्या सांध्यात बोट घालून म्हणाल्या, "हे फट कायची?"

"त्याच दिवशीची," देवरावभाऊ अंगणातूनच म्हणाले. "शिकंजा राह्यला होता."

कौसल्याबाई माझ्याकडे वळल्या. "बाई, हे घरी बसून खाऊन नाई राह्यले, झोपून नाई राह्यले. दिवसभर हवेत बोटं फिरवते. असं अर्धं ठेवलं तर हे तसेच जातीन." मग आवाज कोरडा करून म्हणाल्या, "हे तुमच्या ओसरीत बसतीन. इकडं पाऊल नाई टाकनार. काम मी करीन. सांगतीन तसं."

तेव्हापासून काम तसं झालं. ओसरी आणि शेड यांच्यामध्ये वीस-पंचवीस पावलांचं अंगण. देवरावभाऊ ओसरीत खुर्चीवर बसलेले, कौसल्याबाई शेडमध्ये, नाकातोंडाला ओलं फडकं आणि वर मास्क. नाटकांचे पडदे शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, हातात करवत कधी घेतली नव्हती. कापायचं अवघड काम इंजिनवाल्या मिस्त्रींकडे झालं, पण घासणं, बसवणं, जोडणं सगळं त्यांनी केलं. नवरा डोळ्यांनी पाहू शकत नव्हता, तर कानांनी पाहायचा. शेडमधून पॉलिश पेपरचा आवाज येत असायचा आणि ओसरीतून मध्येच शब्द यायचा, "उलटं जाऊन राह्यली तू. रेषा तिकडं नाई." आवाज थांबायचा, दिशा बदलायची, पुन्हा सुरू व्हायचा. कधी दोघांचं भांडण व्हायचं. "तुमीच या मंग," असं त्या आतून म्हणायच्या, आणि भांडण तिथेच तुटायचं... कारण तेच तर होणार नव्हतं.

त्या चार महिन्यांत कौसल्याबाईंनी माझ्या घरचा चहा घेतला नाही. पाण्याची बाटली आणि डबा घरून आणायच्या. मी देवरावभाऊंना चहा दिला की त्या मान फिरवायच्या. माझ्याशी बोलायच्या त्या फक्त गाडीपुरतं. मी एकदा म्हणाले, "कौसल्याबाई, मी तुमच्याशी खोटं बोलले. माफी मागायचीही मला लाज वाटते." त्या हातातला पॉलिश पेपर झटकत म्हणाल्या, "हे दार धरा जरा." मी दार धरलं. त्या पलीकडून स्क्रू फिरवत राहिल्या. आमच्यामध्ये ते दार होतं आणि त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

चैत्रात गाडी उभी राहिली. इंजिन बसलं, काचा बसल्या, तेल पाजलेलं लाकूड मधासारखं दिसायला लागलं. देवरावभाऊंची इच्छा होती की गाडी एकदा वडशाला, त्यांच्या दारात न्यावी. एका सकाळी निघालो. मी चालवत होते, मागे दोघं. एवढी वर्षं उभी असलेली गाडी, ब्रेकचा भरवसा नाही, आणि मागे असा माणूस की ज्याला धक्का लागला तर दम लागेल. वैनगंगेच्या पुलावर मागून एक ट्रक हॉर्न देत अगदी चिकटून आला. मी कडेला घेतलं, आणि तेवढ्यात उजव्या बाजूच्या कमानीतून करकर असा लांब आवाज आला, पुलाच्या जोडापाशी आणखी मोठा.

"थांबवा, बाई," कौसल्याबाई म्हणाल्या. "तुटून राह्यलं ते."

मी ब्रेकवर पाय ठेवला. ट्रक अजून मागेच होता. आरशात मला देवरावभाऊ दिसले. त्यांनी तळहात कमानीवर सपाट ठेवला होता, डोळे मिटलेले, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा हात.

"चालू द्या," ते म्हणाले. "तुटून नाई राह्यलं. बसून राह्यलं आपल्या जागेवर."

मी पाय उचलला. पलीकडे पोचलो तेव्हा आवाज खरोखरच थांबला होता. वडशात त्यांच्या गल्लीत गाडी उभी केली. नाटक मंडळ्यांतली माणसं, शेजारीपाजारी गोळा झाले. देवरावभाऊ बराच वेळ उतरले नाहीत. खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून तसेच बसून राहिले. मी दार उघडायला गेले तर म्हणाले, "राहू द्या जी पाच मिनिटं. लोकाईले पाहू द्या का मी आत बसून आहो."

त्यानंतर ते सव्वा वर्ष जगले. शेवटी शेवटी घरातल्या घरातही मशीनचा ऑक्सिजन लागायचा. मी महिन्यातून एकदा जायची. कौसल्याबाई खुर्ची पुढे करायच्या आणि आत निघून जायच्या.

तेरवीला मी गेले तेव्हा भीतभीतच गेले. जेवणं आटोपली, माणसं पांगली. कौसल्याबाईंनी मला खुणेने घरामागे बोलावलं. तिथे नळाजवळ कपडे धुवायचा दगड आहे. त्या त्याच्यावर बसल्या, मला बाजूची जागा दाखवली.

"बाई, तुमाले एक सांगाचं होतं. हे असेपर्यंत सांगता नाई आलं." पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या. "मले मालूम होतं."

मला कळलं नाही.

"यायचे कपडे मी धूत होती ना जी. याच दगडावर. खिसे उलटे केले का मूठभर भुसा निंघे, त्यानं पानी लाल होये. पॉलिश करनाऱ्याच्या खिशात भुसा कायचा येते? तुमाले फोन केला तेव्हा मले मालूमच होतं. मले वाटलं तुमी खरं सांगसान, मंग मले यायले थांबवाव लागल. तुमी नाई म्हटलं... अन मले बरं वाटलं." त्यांनी बोटाचा पदर सोडला. "चाळीस वर्सांत हे घरून शीळ घालत कामाले गेले नव्हते. त्या गाडीसाठी जायचे. मी काऊन थांबवू? मंग दवाखान्यात तुमाले विचारलं तेव्हा मी तुमाले नाई विचारत होती, बाई. मले सोतालेच विचारून राह्यली होती. तुमी हो म्हटलं. मले हो नाई म्हनता आलं."

आम्ही दोघी त्या दगडापाशी किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. मी त्यांचा हात धरला की त्यांनी माझा, तेही आठवत नाही. त्यांच्या बोटांना अजून घट्टे आहेत, पॉलिश पेपरचे. मला हलकं वाटलं असं मी म्हणणार नाही. दोघींनी वाटून घेतली म्हणून ती गोष्ट लहान होत नाही. पण ती आता दोघींना ठाऊक आहे.

गाडी माझ्याकडेच आहे. रविवारी मी शेड उघडते, इंजिन थोडं चालवते. ज्येष्ठात शेवटची भेट झाली तेव्हा देवरावभाऊंनी ऑक्सिजनची नळी बाजूला करून एकच गोष्ट सांगितली होती. ड्रायव्हरच्या मागचं दार, जे कौसल्याबाईंनी सगळ्यात शेवटी बसवलं, ते त्यांनी मुद्दाम थोडं घट्ट ठेवायला लावलं होतं. "पान्यात ते फुगल अन अडल. जोर नोका लावू, अन कोनाच्या हातून त्याच्यावर रंधा नोका मारू. हिवाळ्यात सोताच सुटते ते."

दार अडलंय. श्रावण चालू आहे, हवा ओलसर आहे, आणि ते दार चौकटीत असं बसलंय की सूतभर हलत नाही. मिस्त्री परवा पाहून म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे, जरा घासून देतो. मी कौसल्याबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हात नोका लावू देऊ. दिवाळीनंतर मी येईन, पाहू." मी मिस्त्रींना नको म्हटलं. आत बसायचं झालं की दुसऱ्या बाजूने वळसा घालून जाते, आणि सीटवरून सरकत त्या दारापाशी येऊन बसते.